फेब्रुवारीत कृष्णवर्णीयांचा इतिहास वाचायचाय? मग जानेवारीतच सुतळी आणा

अमेरिकेत फेब्रुवारी हा ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळतात. आमच्याकडे दर फेब्रुवारीला तेच होतं. एक तारखेला मार्टिन ल्यूथर किंग यांचा फोटो आणि त्याखाली एक वाक्य गटावर येतं. पहिल्या रविवारी सगळे मिळून सिनेमा बघतात. आठ-दहा तारखेपर्यंत कुणीतरी ‘आपल्याकडची जात’ हा विषय काढतं, दोन तास वाद होतो, आणि पुस्तक कपाटातच राहतं. नाशिकच्या आमच्या वाचनकट्ट्यावर पहिली दोन वर्षं नेमकी अशीच गेली. आता दर जानेवारीत ओळखीचे लोक विचारतात, ‘ताई, कुठलं पुस्तक घेऊ?’ या प्रश्नापासूनच गाडी चुकते. आधी माणसं आणि तारखा, मग पुस्तक.

हा लेख अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासापुरता आहे. सहा ते दहा जणांचा गट आणि फेब्रुवारीतले चार रविवार, प्रत्येकी दोन तास, असा हिशोब धरलाय. एकट्याने किंवा घरच्या घरीही हे जमतं. ब्रिटनमध्ये हाच महिना ऑक्टोबरमध्ये पाळतात, पण तिथला इतिहास वेगळा. लंडनच्या मंडळींनी नुसत्या तारखा बदलून ही यादी वापरू नये.

१. माणसं, तारखा आणि एक पत्र्याचा डबा (५ जानेवारीपर्यंत)

चारही रविवारांच्या तारखा आधी ठरवा आणि लिहून टाका. लग्नसराई असते, दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर असतात. ‘बघू या’ म्हटलं की फेब्रुवारी संपलाच. गटात किमान दोघं अशी हवीत ज्यांना इंग्रजी मोठ्याने, न अडखळता वाचता येतं. चर्चा मराठीतच करा. आम्ही पहिल्या वर्षी चर्चाही इंग्रजीत ठेवली होती आणि ज्यांच्याकडे बोलण्यासारखं सर्वात जास्त होतं तीच माणसं गप्प बसली.

आता डबा. बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या आणि त्यावर ‘आपल्याकडेसुद्धा’ असं लिहा. वाचताना ज्याला ज्याला ‘आपल्याकडेसुद्धा असंच होतं’ म्हणावंसं वाटेल, त्याने ते चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं. बोलायचं नाही. डबा चौथ्या रविवारी उघडायचा. नियम जाचक वाटतो, मला मान्य आहे. पण तो नसेल तर पहिल्या अर्ध्या तासात अमेरिकेतलं मेरीलँड संपतं आणि मराठवाडा सुरू होतो.

*तपासा:* तारखा सगळ्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर चढल्यात का? नसतील तर पुढे जाऊ नका.

२. पुस्तकं: सालं बघून घ्या

या महिन्यासाठी तीनच मजकूर लागतात. गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचं १८४५ चं आत्मकथन, तशाच निसटलेल्या हॅरिएट जेकब्स यांचं १८६१ चं आत्मकथन, आणि किंग यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेलं पत्र. तिन्ही स्वतः भोगलेल्यांनी स्वतः लिहिलेली. दुसऱ्याने लिहिलेली चरित्रं आणि ‘शंभर थोर व्यक्ती’ छापाची पुस्तकं मार्चनंतर खुशाल वाचा.

इथे तीन ठिकाणी लोक चुकतात.

डग्लस यांनी आत्मचरित्र तीनदा लिहिलं: १८४५, १८५५ आणि १८८१. नंतरची दोन्ही जाडजूड आहेत. आपल्याला पहिलं, बारीक पुस्तक हवंय. त्यात अकरा प्रकरणं आणि शेवटी एक पुरवणी असते. आमच्या एकाने एका दुकानातून मागवलेली प्रत चाळीस पानांची शालेय आवृत्ती निघाली; नेमकं सातवं प्रकरण त्यात अर्ध्या पानात उरकलेलं. प्रकरणं मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

जेकब्स यांचं पुस्तक लिंडा ब्रेंट या टोपणनावाने आलं आणि आतल्या माणसांची नावंही त्यांनी बदलली. त्यामुळे मुखपृष्ठावर कधी एक नाव सापडतं, कधी दुसरं. दोन्ही एकच. बरीच वर्षं अभ्यासकांना ही बनवलेली गोष्ट वाटत होती. १९८० च्या दशकात जीन फॅगन येलिन यांनी पत्रं आणि कागदपत्रं धुंडाळून ती खरी असल्याचं दाखवलं. त्याआधीच्या एखाद्या जुन्या संदर्भग्रंथात ‘कादंबरी’ असा उल्लेख दिसला तर गोंधळू नका.

ही दोन्ही पुस्तकं प्रताधिकारमुक्त आहेत, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट मिळतात, छापून वाटली तरी चालतं. किंग यांच्या लेखनाचं तसं नाही. त्यांच्या वारसांकडे हक्क आहेत. ते पत्र त्यांच्या १९६४ च्या ‘व्हाय वी कान्ट वेट’ या पुस्तकात आहे. एक प्रत विकत घ्या आणि आळीपाळीने वाचा. झेरॉक्सचे गठ्ठे काढू नका.

*सावध:* डग्लस यांच्या पुस्तकाच्या सुरुवातीला दोन गोऱ्या गुलामगिरीविरोधकांचा मजकूर आहे: गॅरिसन यांची प्रस्तावना आणि फिलिप्स यांचं पत्र. हा माणूस खरा आहे हो, विश्वास ठेवा, असं सांगायला ती जोडलेली. पहिल्या वाचनात दोन्ही ओलांडून थेट पहिल्या प्रकरणावर जा. शेवटी परत या. मग त्या काळी असं ओळखपत्र का लागत होतं हे कुणी समजावून सांगायची गरज राहत नाही.

३. शब्दांची वही

मला विचाराल तर सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, आणि इंग्रजीपेक्षा आपल्या मराठीमुळे होतो.

आमच्या गटात एका काकांनी मोठ्याने भाषांतर करत वाचताना ‘मास्टर’ला ‘धनी’ म्हटलं. वाक्य बरोबर, अर्थ पार उलटा. ‘धनी’मध्ये माया आहे, बायका नवऱ्याला धनी म्हणायच्या. इथे ‘मालक’च हवं, कारण कागदावर तो खरोखरच माणसाचा मालक होता, जसा बैलाचा असतो. ‘फील्ड हँड’चं ‘शेतमजूर’ करू नका. मजूर म्हटलं की मजुरी आली. ‘वेठबिगार’ जवळचा वाटतो, पण वेठ संपल्यावर माणूस घरी जातो आणि त्याचं पोर बाजारात विकलं जात नाही. आम्ही शेवटी ‘शेतावर राबवलेली माणसं’ असं लांबलचक ठेवलं. ‘ओव्हरसियर’ला मात्र आपल्याकडे चपखल शब्द आहे: मुकादम.

‘गुलाम’ या शब्दावर एक संध्याकाळ गेली. ‘डग्लस गुलाम होते’ म्हटलं की जन्मजात गुण असल्यासारखं वाटतं. ‘गुलामीत ठेवलेले’ म्हटलं की ठेवणारा कोण, हा प्रश्न लगेच उभा राहतो. शक्य तिथे दुसरं वापरा.

‘सेग्रिगेशन’ला ‘विलगीकरण’ म्हणायची सोय कोरोनाने घालवली. आमच्यातल्या पोरांना ते ऐकून दवाखानाच आठवला. ‘वर्णभेदी वेगळेपण’ किंवा सरळ ‘सेग्रिगेशन’. ‘जिम क्रो’ भाषांतरित करू नका, आणि तो कुणी नेता होता असंही समजू नका. गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून रंगवलेल्या एका सोंगाचं ते नाव, पुढे वर्णभेदी कायद्यांनाच चिकटलं.

राहिला ‘निग्रो’. जुन्या मराठी पुस्तकांत तो सर्रास आहे, खुद्द किंग यांच्या पत्रातही आहे. जुना मजकूर उद्धृत करताना तो बदलू नये. स्वतः बोलताना वापरू नये. ‘कृष्णवर्णीय’, ‘आफ्रिकन अमेरिकन’ किंवा ‘ब्लॅक’ म्हणा. याच शब्दाचं जे शिवीचं रूप डग्लस यांच्या पुस्तकात मालकांच्या तोंडी येतं, ते मोठ्याने वाचायचं नाही. तिथे वाचणाऱ्याने क्षणभर थांबायचं आणि पुढे जायचं. हे आधी ठरवलं नाही तर नेमकं तेव्हाच कुणीतरी हसतं.

*तपासा:* वहीत किमान बारा शब्द झालेत का, आणि ती वाचणाऱ्या दोघांच्या हातात आहे का?

४. सुतळी

सव्वाचार मीटर सुतळी, शिंप्याची टेप आणि कपड्यांचे चिमटे. एक वर्ष म्हणजे एक सेंटीमीटर.

सुतळी भिंतीवर ताणून दोन खिळ्यांना बांधा, मग मोजा. उलटं केलंत तर ती ताणते आणि गणित बिघडतं. आमचं एक अख्खं दशक असं लांबलं होतं. डाव्या टोकाला शून्य, म्हणजे १६१९, व्हर्जिनियाच्या इंग्रज वसाहतीत पकडून आणलेले आफ्रिकी लोक उतरवले ते साल. (स्पॅनिश फ्लोरिडात गुलामीत ठेवलेले आफ्रिकी त्याआधीही होते. म्हणून शून्याला ‘सुरुवात’ म्हणू नका, ‘इंग्रज वसाहत’ असं लिहा.) मग चिमटे:

१८०८, बाहेरून गुलाम आणायला बंदी: १८९ सेंमी
१८६५, गुलामगिरी घटनेने रद्द: २४६ सेंमी
१८७७, दक्षिणेतल्या राज्यांवरचा केंद्रीय सैन्याचा पहारा संपला: २५८ सेंमी
१८९६, ‘वेगळं पण समान’ चालेल असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: २७७ सेंमी
१९५४, शाळांपुरता तो मोडीत: ३३५ सेंमी
१९६५, मतदान हक्क कायदा: ३४६ सेंमी

चिमटे लावून झाले की मागे सरका आणि नुसतं बघा. गुलामगिरी अडीच मीटरला जरा कमी. त्यापुढचा वर्णभेदाचा काळ जेमतेम एक मीटर. त्यानंतर आजपर्यंतचा तुकडा? दोन वीत आणि वर बाकी थोडा. आमच्याकडे सुतळी बांधली तेव्हा कुणी काही बोललं नाही. सातवीतल्या एका मुलीने फक्त जाऊन आपल्या आजीच्या जन्मसालाचा चिमटा लावला. तो १९५४ च्या डावीकडे आला.

*सावध:* घटना वाढवत बसू नका. सात-आठ चिमट्यांवर गेलात की भिंतीवर तक्ता तयार होतो, आणि तक्ते कुणी वाचत नाही. पुढचे चिमटे वाचताना लागतील तसे लावा.

५. पहिला रविवार: डग्लस, सातवं प्रकरण

गटाने घरून पहिली पाच प्रकरणं वाचून यायची. बैठकीत सहावं आणि सातवं मोठ्याने वाचायचं. बाकीची सवडीने, जूनच्या बैठकीपर्यंत.

आधी दोन चिमटे: जन्म १८१८, म्हणजे १९९ सेंमी, पुस्तक १८४५, म्हणजे २२६. डग्लस यांना आपली जन्मतारीख ठाऊक नव्हती, हे ते पहिल्याच परिच्छेदात सांगतात. पहिला चिमटा पुढे इतिहासकारांनी शोधलेला, दुसरा त्यांनी स्वतः लावलेला. हा फरक मुलांना जरूर सांगा.

सहाव्या प्रकरणात बाल्टिमोरची मालकीण सोफिया ऑल्ड लहानग्या डग्लसला अक्षरं शिकवायला लागते आणि नवरा ते थांबवतो. शिकला तर गुलाम म्हणून बिनकामाचा होईल, हे त्याचं म्हणणं. पोरगा ते ऐकतो आणि शिकण्याची किंमत मालकाच्याच तोंडून त्याला कळते. सातव्यात तो कामाला लागतो. कामासाठी बाहेर पाठवलं की खिशात पाव ठेवायचा, रस्त्यावरच्या भुकेल्या गोऱ्या पोरांना द्यायचा आणि बदल्यात धडा घ्यायचा. जहाजांच्या कारखान्यात सुतार लाकडांवर खुणेची अक्षरं काढत: एल म्हणजे डावी बाजू, एस उजवी, एफ पुढची, ए मागची. ती चार अक्षरं त्याने उचलली आणि मग पोरांशी पैज लावायला लागला, ‘माझ्याएवढं लिहिता येतं का बघू.’ हरता हरता शिकला. पाटी म्हणजे कुंपण, विटांची भिंत, फरशी. लेखणी म्हणजे खडूचा तुकडा.

हे वाचून झाल्यावर खाली पार्किंगमध्ये जा. खडू न्या. गटातल्या मोठ्यांना मुळीच न येणाऱ्या लिपीतली चार अक्षरं एखाद्या मुलाकडून शिकायची, पण ‘शिकव’ म्हणायचं नाही, पैजेनेच. आमच्या इमारतीतल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला कन्नड येतं. सत्तरीचे आमचे जोशीकाका त्याच्यापुढे उकिडवे बसून म्हणाले, ‘मला येतंय हे, बघ,’ आणि काहीतरी वेटोळं काढलं. पोराने कपाळावर हात मारला. ‘आजोबा, हे कुठलं पण नाही. थांबा.’ आणि खडू हिसकावून घेतला. चार अक्षरांना पस्तीस मिनिटं आणि बिस्किटाचा एक पुडा लागला.

वर आल्यावर चर्चेला एकच प्रश्न ठेवा: डग्लस यांनी काय लिहिलेलं नाही? त्या पाववाल्या मुलांची नावं ते देत नाहीत, कारण गुलामाला वाचायला शिकवणं हा अक्षम्य अपराध मानला जाई. आणि अकराव्या प्रकरणात पोहोचाल तेव्हा दिसेल की १८३८ मध्ये आपण पळालो कसे, हेही ते सांगत नाहीत. मागून येणाऱ्यांची वाट बंद होईल म्हणून. तो तपशील त्यांनी गुलामगिरी संपल्यावर दिला.

*नेहमीची चूक:* पहिल्या प्रकरणातल्या चाबकाच्या प्रसंगावरच सगळा वेळ घालवणं. तो वाचा, घाईने ओलांडू नका. पण बैठक तिथेच संपवली तर गटाच्या डोक्यात फक्त मार खाणारी माणसं राहतात, पैज लावणारा पोरगा राहत नाही.

६. दुसरा रविवार: जेकब्स, आणि मोजपट्टी

वाचून यायचं: प्रकरण १, ५, १० आणि २१. यात मालकाकडून किशोरवयीन मुलीचा होणारा छळ आहे. चौदाच्या आतल्या मुलांना या दिवशी बोलावू नका. मोठ्यांनी वाचून मग त्यांच्याशी आपल्या शब्दांत बोलावं.

एकविसाव्या प्रकरणात जेकब्स आजीच्या घराला लागून असलेल्या पडवीच्या माळ्यावर लपतात. लांबी नऊ फूट, रुंदी सात फूट, आणि उंची सगळ्यात उंच जागी तीन फूट. तिथून छप्पर तिरकं खाली उतरतं. तिथे त्या जवळजवळ सात वर्षं राहिल्या. खाली त्यांची मुलं खेळत होती आणि आई वर आहे हे त्यांना माहीत नव्हतं. अंधारात चाचपडताना त्यांना एक गिरमिट सापडलं. सुताराचं, भोक पाडायचं. त्याने त्यांनी भोकांच्या तीन ओळी पाडल्या, मधलं लाकूड कोरून काढलं, आणि इंचभर लांब, इंचभर रुंद अशी खिडकी झाली.

बैठकीआधी जमिनीवर चिकटपट्टीने नऊ बाय सातचा चौकोन आखा. एका बाजूला तीन फुटांवर दोरी बांधा आणि ती समोरच्या बाजूला जमिनीपर्यंत उतरवा. जेवणाचं टेबल साधारण अडीच फूट असतं, म्हणजे उंच बाजूसुद्धा त्याहून अर्धा फूटच वर. एका पोस्टकार्डाला इंचाचं भोक पाडून ते खिडकीला चिकटवा. ज्याला बघायचंय त्याने त्यातून गल्ली बघावी.

*सावध, आणि हे नीट वाचा:* मापं घ्या, नक्कल करू नका. चौकोनात कुणी झोपायचं नाही. आमच्या गटात एका वर्षी एकजण आत आडवा झाला आणि दुसऱ्याने फोटो काढला. दोघं हसत होते. वाईट हेतू नव्हता. पण त्यानंतर त्या प्रकरणावर कुणाला धड बोलता आलं नाही. मुलांना गुलाम-मालक बनवून नाटुकली बसवणं, लिलावाचा देखावा उभा करणं, हे तर अजिबात नको, शाळेत कितीही टाळ्या मिळोत.

चर्चेला विषय: डग्लस एकटे पळाले, जेकब्स इतकी वर्षं गावातच का राहिल्या? उत्तर दहाव्या आणि एकविसाव्या प्रकरणात आहे, आमच्यापेक्षा नीट. शोधू द्या.

७. १४ फेब्रुवारी: कागद हाताळा

डग्लस यांनी आपला वाढदिवस म्हणून १४ फेब्रुवारी धरला होता. या दिवशी ‘डग्लस डे’ नावाने दरवर्षी लोक ऑनलाइन एकत्र येऊन कृष्णवर्णीयांच्या इतिहासातल्या जुन्या हस्तलिखितांचं लिप्यंतर करतात. घरबसल्या भाग घेता येतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचे बारा म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा, तेव्हा दुपारची झोप काढून बसा.

जमलं नाही तर दुसरा कागद घ्या: १८६० च्या अमेरिकन जनगणनेची गुलामांची यादी. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट खातं काढून पानं बघता येतात. मालकाचं नाव पूर्ण लिहिलेलं असतं. त्याखाली ओळीने वय, लिंग, वर्ण. गुलामीत ठेवलेल्या माणसाच्या नावाची जागा जवळजवळ सगळीकडे कोरी. वीस मिनिटं एकच पान वाचा, मोठ्याने: ‘बत्तीस, स्त्री. नऊ, पुरुष. एक, स्त्री.’ बहुतेकांची नावं जनगणनेत पहिल्यांदा येतात ती १८७० मध्ये.

ज्यांनी मोडी वाचलीय त्यांना पुढचं सांगायला नको, बाकीच्यांसाठी: आधी पानभर नुसती अक्षरांची वळणं ओळखा. जोड-एस लिहिताना पहिला एस बऱ्याचदा एफसारखा दिसतो. जे दिसतं तेच लिहा. स्पेलिंग सुधारू नका, हीच नवख्यांची हटकून होणारी चूक. लागलं नाही तर अंदाज ठोकू नका, ‘अस्पष्ट’ अशी खूण करा.

८. तिसरा रविवार: माँटगोमेरी आणि बर्मिंगहॅम

सुरुवात गाण्याने करा. १८७१ मध्ये (२५२ सेंमी) नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाचे विद्यार्थी संस्थेसाठी पैसे उभे करायला गाण्याच्या दौऱ्यावर निघाले आणि गुलामीतली भक्तिगीतं त्यांनी जगापुढे नेली. फिस्क ज्युबिली सिंगर्सची ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. दोन गाणी, शांतपणे. हे सजावट म्हणून नाही. दोन आठवड्यांत आपण फक्त दुःख वाचलंय आणि आता लोक थकलेले असतात.

मग अलाबामातलंच माँटगोमेरी शहर, पंधरा मिनिटांत. ‘दमलेल्या शिंपीणबाई गोऱ्या प्रवाशासाठी बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत’ ही गोष्ट सगळ्यांना येते. ती पुसायची आहे. रोझा पार्क्स तेव्हा ४२ वर्षांच्या होत्या आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखेचं चिटणीसपद त्यांनी सांभाळलेलं होतं. त्यांच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ ला, पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कॉल्विनला याच कारणावरून अटक झाली होती. पार्क्स यांना १ डिसेंबरला पकडलं त्या रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी बसवर बहिष्कार घाला असं सांगणारी हजारो पत्रकं छापली. बहिष्कार ३८१ दिवस चालला. गटाला एकच काम द्या: ३८१ दिवस बस नाही, तर धुण्याभांड्यांच्या कामाला जाणारी बाई कामावर पोहोचली कशी? चालत किती, मोटारी कुणाच्या, पेट्रोलला पैसे कुठून? हे शोधताना नेत्यांची नावं आपोआप मागे पडतात.

उरलेला सव्वा तास किंग यांच्या पत्राला, पण क्रम सांभाळा. ते आठ गोऱ्या धर्मगुरूंच्या निवेदनाला दिलेलं उत्तर आहे. निवेदन पानभराचं आहे, ते आधी वाचा. ते वाचल्यावर गटातला निम्मा भाग म्हणतो, ‘तसं बरोबरच आहे की त्यांचं, सबुरीने घ्या म्हणताहेत.’ असं म्हणू द्या. मग पत्र उघडा. त्यात ‘थांबा’ म्हणणाऱ्यांना दिलेलं सुमारे तीनशे शब्दांचं एकच वाक्य आहे, आणि त्यात सहा वर्षांच्या मुलीला जत्रेच्या बागेत का जाता येत नाही हे सांगणारा बाप आहे. ते वाक्य एकाच माणसाने, मध्ये न थांबता वाचावं. दम लागतो. लागू द्या.

*सावध:* किंग यांच्या १९६३ च्या वॉशिंग्टनच्या ‘आय हॅव अ ड्रीम’ या भाषणाचा व्हिडिओ पत्रानंतर लावा, आधी नको. आणि लावलात तर सगळा लावा. शेवटची पाच मिनिटं सगळ्यांना पाठ असतात. सुरुवातीला न वटलेल्या चेकबद्दल ते काय म्हणतात, ते ऐकलेला माणूस मला क्वचितच भेटलाय.

९. चौथा रविवार: डबा उघडा

आता आपले चिमटे. वेगळ्या रंगाचे घ्या.

जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, साल १८७३. म्हणजे २५४ सेंमी. चिमटा लावा आणि शेजारी बघा. डावीकडे आठ सेंटीमीटरवर गुलामगिरीचा अंत. मुक्ती, नागरिकत्व आणि मताचा हक्क देणाऱ्या तीन घटनादुरुस्त्या झालेल्या, १८७० मध्ये हायरम रेव्हेल्स हे कृष्णवर्णीय सिनेटर बसलेले. उजवीकडे चार सेंटीमीटरवर १८७७, जिथून हे हक्क हिरावून घेणं सोपं झालं. अर्पणपत्रिका या बारा सेंटीमीटरच्या फटीत लिहिली गेली आहे. ‘फुल्यांना अमेरिकेतलं खरं माहीत नव्हतं’ असं कुणीतरी दरवर्षी म्हणतं. सुतळीकडे बोट दाखवा. त्यांनी लिहिलं तेव्हा पुढचा चिमटा लागायचा होता.

डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६, म्हणजे २९४ ते २९७: दोन्ही बाजूंना वर्णभेद. १९४६ मध्ये (३२७) त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं. संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांच्या वतीने गेलेल्या अर्जाची प्रत मागितली आणि अस्पृश्यांच्या व त्यांच्या स्थितीतलं साम्य नोंदवलं. ड्युबॉइस यांनी उत्तर दिलं. अमेरिकेत ब्लॅक पँथर पक्ष १९६६, मुंबईत दलित पँथर १९७२: ३४७ आणि ३५३.

हे चिमटे लागल्यावरच डबा. चिठ्ठ्या एकेक वाचा आणि प्रत्येकीला तीन प्रश्न: कुठला मजकूर वाचताना लिहिली? साम्य नेमकं कशात? फरक कशात? तिसऱ्याचं उत्तर नसेल तर चिठ्ठी परत डब्यात. गेल्या वर्षी एकोणीस चिठ्ठ्यांपैकी सात परत गेल्या. आणि एक, जेकब्स वाचताना टाकलेली, अशी होती की तिच्यावरच पाऊण तास गेला. तीत फक्त ‘आमच्या मावशीचा पोटमाळा’ एवढंच लिहिलं होतं.

*सावध:* मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी याच बैठकीत कोंबू नका. आफ्रिकेतून विकत आणलेला माणूस निजामशाहीचा कर्ता होतो, हे प्रकरण अटलांटिकपल्याडच्या सुतळीवर बसत नाही. त्याला स्वतंत्र महिना द्या आणि खुलताबादला मलिक अंबरची कबर बघून या.

१०. आवराआवर

पुस्तकं परत करताना प्रत्येकाने वहीत एक शब्द वाढवायचा, अर्थासकट. पुढची बैठक १९ जूनला ठेवा. १८६५ मध्ये याच दिवशी टेक्ससच्या गॅल्व्हस्टनमध्ये सैन्याने मुक्तीचा हुकूम वाचून दाखवला, आणि लिंकन यांची मुक्तीची घोषणा होती १ जानेवारी १८६३ ची. त्या दिवशी डग्लस यांची उरलेली प्रकरणं संपवा.

सुतळी सोडताना चिमटे काढू नका. तशीच गुंडाळून डब्यात ठेवा. आणि आमच्यासारखं विसरू नका: खिळ्याला बांधलेलं डावं टोक कुठलं, ते रंगीत दोऱ्याने खूण करून ठेवा, नाहीतर जूनमध्ये सगळा इतिहास उलटा टांगला जातो.